चंपाषष्ठीची ओहोटी

सत्त्याण्णव साली कामोठ्यात सायकल दुरुस्तीचं एकच बरं दुकान होतं. त्याच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. ‘लांबच्या सायकल प्रवासासाठी सोबती पाहिजेत. रोज ऐंशी किलोमीटर. मुक्काम मिळेल तिथे. तक्रारखोरांनी येऊ नये.’ खाली नाव, सादिक पांगारकर, आणि खोली नंबर.

मी हसलो. मी प्रकल्पग्रस्तांचा पुढारी; मोर्चाला बोलवायचं तर टेम्पो पाठवतो, तरी शंभरातले साठ येतात. आणि हा फुकट ऐंशी किलोमीटर दामटवायला माणसं बोलावतोय, वर अटी घालतोय! असा माणूस बघायलाच हवा म्हणून गेलो.

पंचेचाळिशीचा, सुकट अंगाचा, चष्मेवाला. न्हावा शेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटाकडे कारकून. मूळचा श्रीवर्धनकडचा, पण आयुष्य मुंबईत गेलेलं. तिथे सहाजणांची टोळी होती, दर रविवारी सायकली काढायची. त्र्याण्णवच्या जानेवारीनंतर टोळी मोडली आणि त्याने मुंबई सोडली. त्या जानेवारीबद्दल तो एवढंच म्हणाला, आणि मीही पुढे विचारलं नाही.

“कितीजण आले कागद वाचून?” मी विचारलं.

“चार. पहिल्याने विचारलं, पगार किती. दुसऱ्याला वाटलं धर्मादाय आहे. तिसरा माझं नाव ऐकेपर्यंत धडधाकट होता, मग त्याचा गुडघा दुखायला लागला.”

“आणि चौथा?”

“तू. तू अजून बसलायस.”

या भागातले रस्ते त्याला कुणी दाखवले नव्हते. बंदराच्या यार्डात कागदपत्रं घेऊन फिरताना तो ट्रकांची चाकं बघायचा. तांबडी माती दिसली की ड्रायव्हरला चहा पाजायचा आणि रस्ता काढून घ्यायचा. उतार कुठे, पाणी कुठे, कुत्री कुठे. सगळं एका लांबट वहीत. प्रत्येक नोंदीपुढे सांगणाऱ्यावरचा विश्वास: पूर्ण, निम्मा, शून्य. पोलिसांनी सांगितलेल्या सगळ्या रस्त्यांपुढे शून्य होतं. तिथेच मला माणूस आवडला.

तिसरा सोबती मी आणला. गोवर्धन, बोनकोडे गावचा. मागे मासळीची टोपली बांधून तो रोज सोसायट्या फिरायचा, गियर नसलेल्या अवजड सायकलवर. सादिकभाईंनी त्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तुझ्या मांड्या बघून मला माझ्या सायकलची लाज वाटते.”

“मंग बदला ना,” गोवर्धन म्हणाला. “सायकल तुमी घ्या, मांड्या मी ठेवतो.”

पावसाळ्याआधी पेण, अलिबाग झालं, पावसाळ्यानंतर मुरूड. सादिकभाई रस्त्यावर मास्तरसारखे वागायचे. ब्रेक असा दाब, पाणी तसं पी. मी दोनदा भडकलो, एकदा अर्ध्या वाटेतून परतही आलो. पुढच्या शनिवारी दारात हे उभे. “राग उतरला असेल तर हवा भर.” त्यांना सोबत हवी होती, आणि ते लपवायचे नाहीत. त्यांचं एकच स्वप्न होतं. कामोठ्याहून श्रीवर्धनला आपल्या घराच्या अंगणात सायकलीवरून उतरायचं, आणि एकटं नाही. “गावात सांगून ठेवलंय,” म्हणायचे, “माझ्याबरोबर माणसं येतात.”

डिसेंबरात निघालो. करंजा, मग होडीने रेवस, मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता आणि त्याच दिवशी चंपाषष्ठी. गोवर्धनच्या घरी खंडोबा. जमुनावहिनींनी, त्याच्या बायकोने, आदल्या आठवड्यात तोंड सोडलं होतं: “देवाच्या दिवशी घर सोडून कुठं चाललाव?” तरी तो आला, आणि त्या सकाळी मुक्कामाच्या घरी वांगं भाजून घेऊन डब्यात नैवेद्याचं भरीत भरलं.

साडेअकराला एका खाडीकाठच्या गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नाही. तिथे ओहोटीला खडकांवरून पलीकडे पायवाट उघडते आणि अठरा किलोमीटरचा चढउताराचा वळसा वाचतो. एका म्हाताऱ्या तांडेलाने, मच्छीमार होडीच्या म्होरक्याने, ही वाट सादिकभाईंना सांगितली होती. वहीत दोन पानं भरून फक्त आकडे: कुठल्या दिवशी वाट किती वाजता बंद. पुढे लिहिलेलं, विश्वास पूर्ण.

“मी जुम्म्याची नमाज पढून येतो,” सादिकभाई म्हणाले. “तुम्ही चहा प्या. आल्यावर ठरवू.” पिशवी आमच्याजवळ ठेवून ते मशिदीकडे गेले.

सव्वाबारा झाले. माणूस येईना. मला बसवत नाही, हा माझा जुना रोग. कुणाच्या दारात ताटकळायचं नाही म्हणून मी नोकरी सोडलेला माणूस. मी त्यांच्या पिशवीतून वही काढली. लिहिलं होतं: सहा, दीड वाजेपर्यंत.

“आज षष्ठी,” मी म्हणालो. “तासाभराच्या वर वेळ आहे. पलीकडे जाऊन बसू. म्हणू, या आता तुम्ही मागून.”

गोवर्धनने पाण्याकडे बघितलं. “नेते, आमच्या खाडीत षष्ठीला या टायमाला पानी फिरलेलं असतं.”

“ही तुझी खाडी नाही. इथल्या तांडेलाने सांगितलेलं लिहिलंय. भरीत खाऊन तुझं डोकं जड झालंय.”

तो हसला आणि सायकल खांद्यावर घेतली.

वाट अर्धी झाली आणि मधल्या चिरीतून पाणी आलं. कमरेपर्यंत यायला त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. गोवर्धनचा पाय दोन खडकांच्या फटीत गेला. खडकांना कालवांच्या शिंपल्या चिकटलेल्या, वस्तऱ्यासारख्या. त्याने पाय ओढला, मी त्याला ओढलं. त्याची सायकल वाहून गेली. काठावर आलो तेव्हा टाच घोट्यापर्यंत उघडी पडली होती.

सादिकभाई टोपी डोक्यावर तशीच ठेवून धावत आले.

“कुणी सांगितलं उतरायला?”

“तुमच्या वहीने! सहाला दीड!”

“आज चौथा आहे!” ते किंचाळले. “बाराला बंद झाली वाट! म्हणून तर म्हटलं आल्यावर ठरवू, वळसा की मुक्काम!”

तेव्हा मला कळलं. तांडेल त्यांच्या जमातीचा होता, तो चांदाच्या तारखा मोजत होता. आम्ही मोजतो अमावास्येपासून. ते मोजतात चांद डोळ्यांना दिसल्यापासून, आणि तो दिसतो एक-दोन दिवसांनी. त्यांचा सहावा उजाडायला अजून दोन दिवस होते. घरात खंडोबाचा नैवेद्य दाखवणाऱ्या गोवर्धनला आणि मला मात्र षष्ठीबद्दल शंकाच नव्हती.

सादिकभाईंनी आपला सदरा फाडून जखम बांधली. म्हणाले, आत्ताच्या आत्ता डॉक्टर. गोवर्धन म्हणाला, खाऱ्या पाण्यातली जखम आपोआप भरते. मीही म्हणालो, एवढ्याने काय होतंय. दोघांनी मिळून सादिकभाईंना गप्प केलं आणि एस.टी.ने परत आलो. चौथ्या दिवशी ताप, पाय काळा. पनवेलच्या एका हॉस्पिटलात नेल्यावर कळलं की गोवर्धनला साखर आहे. गुडघ्याखाली पाय कापला.

बोनकोड्यात एकच बोलणं झालं. मियाँ नमाजला बसला आणि आपला माणूस पाण्यात सोडला.

सादिकभाई हॉस्पिटलात आले. जिन्यावर तीस-चाळीस माणसं. ते जमुनावहिनींना समजावू लागले, तारखांचा घोटाळा, चांद कुठला, षष्ठी कुठली. वहिनींच्या भावाने, सूरजने, सादिकभाईंच्या छातीवर हात ठेवून ढकललं. “हिशेब सांगतोय! लंगडा केलास त्याला आनि हिशेब सांगतोस?”

दोन पायऱ्या खाली घसरून त्यांनी कठडा धरला. चष्मा सरळ केला आणि माझ्याकडे बघितलं.

“तू सांग ना.”

पंधरा दिवसांवर आमचा प्रकल्पग्रस्तांचा मोर्चा होता. बोनकोड्याची माणसं माझ्या शब्दावर येणार होती.

“आत्ता नको, सादिकभाई,” मी म्हणालो. “गर्दी आहे. तुम्ही जा.”

ते गेले. मोर्चा मोठा झाला. मी सरकारला खोटारडं म्हणालो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मार्चात गोवर्धन कुबडीवर घरी चालायला लागला. त्याला भेटायला गेलो तर जमुनावहिनी टोपलीत मासळी लावत होत्या. आता त्याच डोक्यावर घेऊन फिरायच्या.

“नेते,” गोवर्धन म्हणाला, “वही तुमी वाचलीत. मी लोकांना सांगतो तर म्हनतात, तापात डोकं फिरलं याचं. तुमचं तरी डोकं जाग्यावर हाय ना?”

वहिनींनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “मना नका सांगू. बाहेर सांगा.”

त्या संध्याकाळी देवळापुढे मी सगळं सांगितलं. सूरज उठून गेला. एक म्हातारा म्हणाला, “तीन महिने झोपला होतास काय?” बाकीच्यांनी दुसरा विषय काढला. अर्ध्यांना ते खरं वाटलंच नाही. मियाँची बाजू घ्यायला मी काहीतरी खाल्लंय, असंही बोलले.

दुसऱ्या दिवशी कामोठ्याला गेलो. दार सादिकभाईंच्या बायकोने, नूरीवहिनींनी, उघडलं. सादिकभाई खुर्चीत बसून ऑफिसचे कागद लावत होते.

“गावात बोललो मी,” मी म्हणालो. “सगळं.”

“किती लोक होते?”

“तीसेक.”

“जिन्यावरही तेवढेच होते.”

मी त्यांच्यासमोर बसलो.

“शनिवारी निघू या का?” शेवटी म्हणालो. “पेणपर्यंत. तुम्ही म्हणाल तिथे थांबेन.”

“नाही.”

“सादिकभाई, चूक माझी होती, मी...”

“ते मला डिसेंबरातच माहीत होतं. नाही म्हटलं ना. चहा घेऊन जा.”

चहा आला. ते बंदरात तुंबलेल्या कंटेनरांबद्दल बोलले, मी आमच्या कोर्टातल्या तारखांबद्दल. श्रीवर्धनचं नाव मी एकदा काढलं, तर म्हणाले, ईदला गेलो होतो, एस.टी.ने. गावात लोकांनी विचारलं का, सोबतची माणसं कुठं आहेत म्हणून? हे मात्र मी विचारलं नाही.

मी चपला घालेपर्यंत ते दारात उभे होते. पहिली पायरी उतरलो आणि आतून कडी लागली.