श्रीहरीभाऊंची हॉलिडे मेंबरशिप

श्रीहरीभाऊ रामटेके माझ्या दुकानात आले की आधी झेरॉक्स मशीनकडे बघतात, मग माझ्याकडे, मग परत मशीनकडे. कागदाच्या दोन प्रती काढून एक मी गुपचूप ठेवून घेईन, अशी त्यांना धास्ती. सावली गावाच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. अर्ध्या तालुक्याचे सातबारे आणि दाखले माझ्या हातून गेलेत. बाकी कुणाला माझा संशय आला नाही. या माणसाला दर वेळी येतो, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

पण त्यांचा धंदाच तसा. छत्तीस उन्हाळे ते धानोऱ्याकडे तेंदूपानाच्या फडीवर मुन्शी आहेत. लोक पहाटे जंगलातून पानं तोडून आणतात, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि दुपारनंतर फडीच्या मैदानावर ओळीनं मांडतात. मुन्शी ते मोजून घेतो. दुसरे मुन्शी वरून पाहतात आणि पुढे सरकतात. श्रीहरीभाऊ ओळीच्या मधलाच एक पुडा उचलतात आणि तोही मधातून फाकवतात. किडकं, फाटकं पान लपवायचं तर माणूस मधातच लपवतो, हे त्यांनी एकदा ठरवून टाकलं, आणि मग साऱ्या जगाला तोच नियम लावला. भाजीवाल्याच्या टोपलीत हात घालतील तो तळाशी. मुलासाठी, संघपालसाठी, मुलगी पाहायला गेले तेव्हा समोरच्या खोलीत न बसता सरळ स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. सून चांगली मिळाली म्हणून बरं.

मागच्या मार्चमध्ये त्यांना फोन आला. नीलझुला हॉलिडे क्लबच्या लकी ड्रॉमध्ये तुमचा नंबर लागला, चंद्रपूरच्या हॉटेलात या, मिक्सर घेऊन जा; मात्र नवरा-बायको दोघंही हवेत.

"दोघं काऊन? मिक्सर का दोघानं उचलाचा राह्यते?" भाऊंनी फोनवरच विचारलं म्हणे.

जायचं नाही, असं त्यांनी केसरबाईंना सांगितलं. केसरबाई म्हणजे त्यांची बायको, सहसा उलट न बोलणारी. त्या दिवशी ती म्हणाली, "मिक्सर तं आनू." तेवढ्यावर दोघं बसमध्ये बसले.

हॉटेलात राजदीप नावाच्या टाय लावलेल्या पोरानं त्यांना तीन तास बसवून ठेवलं. आधी सरबत, मग समोसा, मग भिंतीवर डोंगर, बर्फ आणि समुद्र. वर्षाला सात रात्री, पंचवीस वर्षं, देशभरात कुठेही, फक्त दोन लाख पंच्याऐंशी हजार. सही आजच केली तर. उद्या भाव चार लाख.

भाऊंकडे बँकेत तीन लाख दहा हजारांची एफडी आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा त्यांची एक एकर जमीन गेली, तिचे हे पैसे. पेन्शन नाही, दुसरं काही नाही. दोघांचं म्हातारपण त्या कागदावर उभं आहे. भाऊंनी सही केली नाही. राजदीपनं मोठ्या साहेबाला बोलावलं, साहेबानं 'तुमच्यासाठी स्पेशल' म्हणत सोमवारपर्यंत मुदत दिली आणि जाड निळी फाइल हातात ठेवली. मिक्सर सही झाल्यावर.

रविवारी सकाळी भाऊ ती फाइल घेऊन माझ्याकडे आले. पिशवीत घालून, वर गमछा झाकून.

"चंचल, हे वाचून सांग. झेरॉक्स नको काढू."

"काढत नाही, भाऊ. बसा."

बसले नाहीत. "आंदी हे सांग, माहा नंबर त्याईले कोनं देल्ला?"

त्यांच्या यादीत चार जण होते. मोबाइल रिचार्जवाला. संघपाल, कारण त्याला बापाच्या पैशावर फिरायचं असेल. बँकेतला क्लार्क, त्यालाच एफडी माहीत. चौथी मी.

मी पेन टेबलावर आपटला. "भाऊ, मी नंबर विकत असते तर या टपरीत बसले असते का?"

ते जरा ओशाळले. मग म्हणाले, "म्या फक्त पुसलं." पण यादीतून माझं नाव काढलं असं काही म्हणाले नाहीत.

मी वाचायला घेतलं. खरं सांगते, पहिली चार पानं वाचून मलाच मेंबर व्हावंसं वाटलं. भाऊंनी फाइल माझ्या हातातून ओढली आणि बरोबर मधोमध उघडली.

"इथून वाच."

तिथे सगळा किडका माल होता. दर वर्षी देखभालीचे साडेचौदा हजार वेगळे, गेलात तरी आणि नाही गेलात तरी. ते वाढवायचा अधिकार क्लबला. आपल्या पॅकेजला उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या नाहीत, पावसाळ्यातले आठवडे फक्त, तेही खोली रिकामी असली तर. जेवण आणि प्रवास आपला. दहा दिवसांनंतर पैसे परत नाहीत.

मी खराब झेरॉक्सच्या पाठीवर हिशेब मांडला. दोन लाख पंच्याऐंशी हजार बँकेतच राहिले तर वर्षाला वीसेक हजार व्याज येतं. ते बुडणार, वर देखभालीचे साडेचौदा. म्हणजे सात रात्री पडणार साडेचौतीस हजारांना, आणि मुद्दल गेलं ते गेलंच. चांगल्या लॉजची खोली साडेतीन हजारांची धरली तरी सात रात्रींचे साडेचोवीस होतात.

"म्हणजे दर वर्षी गेलात तरी तोटा," मी म्हटलं. "आणि तुम्ही कधी कुठे गेलात?"

"फडी सोडून कुठी जाऊ?" भाऊ खूश होते. असा खूश झालेला श्रीहरीभाऊ मी पाहिला नव्हता. चोर सापडला होता. "पाह्यलं? मधात राह्यते!" म्हणत त्यांनी तिथलीच आणखी दोन पानं उलटली.

त्या पानांच्या मध्ये एक गुलाबी कुपन स्टेपल केलेलं होतं. चंद्रपूरच्या कुठल्याशा साडीच्या दुकानात मिळालेलं, क्लबच्याच लकी ड्रॉचं. नाव, नंबर, पत्ता, सगळं पेनानं भरलेलं. अक्षर गोल, सावकाश काढलेलं. भाऊंचं बोट त्यावर थांबलं. चौघांवर संशय घेणाऱ्या माणसाला पाचवं नाव सुचलंच नव्हतं.

कुपनवर लिहिलं होतं, पाहुण्याचं नाव: केसरबाई श्रीहरी रामटेके. लग्नाची तारीख: १४ मे. आतापर्यंत किती वेळा फिरायला गेलात: एकदाही नाही. कुठे जायला आवडेल: समुद्र.

चौदा मे म्हणजे फडीचा ऐन हंगाम. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी हा माणूस धानोऱ्याला गेला होता, हे सारी सावली हसत हसत सांगते. मीही हसले आहे. त्या दिवशी लाज वाटली.

भाऊ बाहेर गेले. बसस्टँडवर भाजी घ्यायला आलेल्या केसरबाईला घेऊन आले आणि कुपन तिच्यापुढे धरलं. "हे तू भरलं?"

"हाव."

"काऊन? मले नाई सांगाचं?"

केसरबाईनं पिशवी खाली ठेवली. "तुमी कदी पुसलं? त्या कागदानं पुसलं, म्हून सांगितलं."

केसरबाई पुढे म्हणाली, "मले मेंबर-फेंबर नाई बनाचं. जमिनीचे पैसे काऊन देता त्याईले? मले फक्त पाहाचं होतं, तेवढं पानी खरंच राह्यते का फोटोच मोठा काढतेत."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. एवढी वर्षं त्या घरात राहून तीही मुन्शीण झाली होती.

भाऊंनी निळी फाइल पुढे ओढली. मग माझा पेन घेऊन त्यांनी 'पंचवीस वर्षं' यावर आडवी रेघ मारली. "हे सोड. एक बारचं किती होते, ते सांग."

बल्लारशाहून विशाखापट्टणमला रेल्वे जाते. दोघांचं जाण्यायेण्याचं तिकीट, चार दिवसांचं साधं लॉज, खाणंपिणं. मी सढळ हातानं धरलं तरी अठरा हजारांच्या वर जाईना.

"याच्या मधात काही?"

"काही नाही, भाऊ. वर दिसतं तेवढंच."

"मंग काढ."

"तारीख?"

त्यांनी कुपनवर बोट ठेवलं आणि वाचून सांगितलं, "चौदा मे."

"तवा तं फडी राह्यते," केसरबाई लगेच म्हणाली.

"ठेकेदार दुसरा मुन्शी पाहीन."

मी तिकीट काढलं. प्रिंट केसरबाईनं माझ्या हातातून स्वतःच घेतली. दाराशी उजेडात जाऊन उलटून पाहिली, गाडीचा नंबर पाहिला, तारीख पाहिली, परतीची तारीख पाहिली. मग नावांवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं, आणि दुसरं परत एकदा वाचलं.

"चंचल," भाऊंकडे बोट दाखवत ती म्हणाली, "यात याईचंबी नाव आहे."