सोळापर्यंतचे आकडे

सूर्यभान गायसमुद्रे यांची व हे लिहिणाऱ्याची ओळख हैदराबादच्या अंबरपेठेतील प्रौढ साक्षरता वर्गात झाली. दोघांचीही साठी तेव्हा उलटलेली होती. पहिल्याच आठवड्यात बाईंनी पाटीवर आकडे काढण्यास सांगितले. सूर्यभान यांनी एकापासून सोळापर्यंतचे आकडे छापल्यासारखे सुबक काढले आणि पाटी खाली ठेवली.

"पुढचे काढा, बाबा," बाई म्हणाल्या.

"पुढचे येत न्हाईत, बाई. मला सोळाच लागत हुते."

वर्ग हसला, तेही हसले. त्यांचा डावा कान जळक्या पानासारखा आक्रसलेला होता व त्या बाजूने त्यांना काही ऐकू येत नसे. त्यामुळे ते डावीकडे भिंत घेऊन बसत. सोळा आकड्यांची आणि त्या कानाची हकीकत एकच आहे. ती त्यांनी सांगितली तशी येथे लिहिली आहे.

सूर्यभान यांचा जन्म उदगीरकडच्या एका खेड्यातला. सन अठ्ठेचाळीसच्या, निजामाचे राज्य पडतानाच्या धुमाळीत त्यांच्या वस्तीची घरे पेटवली गेली. कोणी पेटवली हे त्यांना अखेरपर्यंत समजले नाही, कारण जो तो दुसऱ्याचे नाव सांगत होता. अंगावरच्या कपड्यांनिशी ते पत्नी केसरबाईंसह सिकंदराबादेस आले आणि हिम्मतराव यांच्या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात झाडलोट करू लागले. आठ वर्षांत हातातला झाडू सुटला आणि पाना आला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चालत्या इंजिनावर व मूठ कानामागच्या हाडावर टेकवून ते आतले दुखणे सांगत. हिम्मतराव गिऱ्हाइकांना अभिमानाने म्हणत, "हमारे पास डॉक्टर है, साहेब. नाडी बघतो." मात्र संताप आला की याच डॉक्टरच्या कंबरेत मालकांची लाथ बसे. त्या कारखान्यात मार हा चहासारखा होता. दिवसातून दोनदा ठरलेला.

सन छप्पनच्या पावसाळ्यानंतर प्रतापराव नावाचे एक सरकारी अधिकारी आपली अमेरिकन मोटार घेऊन आले. गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीची, आठ सिलिंडरची, पूर्वी एका जहागीरदाराच्या दारात उभी राहिलेली. हैदराबाद राज्याची वाटणी ठरली होती. मराठवाडा मुंबई राज्याकडे जाणार होता आणि प्रतापरावांना एक नोव्हेंबरला औरंगाबादेस हजर व्हायचे होते. इंजिन पूर्ण उतरवून नव्यासारखे करून द्यावे, अशी त्यांची आज्ञा होती.

त्या इंजिनात सोळा वॉल्व्ह, म्हणजे झडपा, होते आणि प्रत्येकाखाली त्यास उचलणारा एक टॅपेट. साधा टॅपेट म्हणजे लोखंडाचा भरीव खुंटा. हा मात्र पोकळ होता. बाहेर नळी, आत दट्ट्या, आणि दोहोंमध्ये दाबाने भरलेले तेल. तेल टिकले तर इंजिन मुके. तेल निसटले तर घणाचे घाव. प्रत्येक नळीस तिचाच दट्ट्या जुळवलेला असतो. दुसरीचा आत शिरतो, पण केसभर सैल राहिला तरी तेल धरत नाही. म्हणून सूर्यभान यांनी एका फळीस सोळा-सोळा भोकांच्या दोन ओळी पाडल्या. वरच्या ओळीत नळ्या ठेवल्या आणि प्रत्येकीखाली तिचा दट्ट्या. खूण कोणतीही केली नाही. त्यांना आकडे येत नव्हते. जागा हीच त्यांची खूण.

इतक्यात दसरा आला. खंडेनवमीला कारखान्यातील प्रत्येक हत्यार धुऊन पूजेला मांडण्याची हिम्मतरावांची रीत होती. घासण्याचे काम दरवर्षी सूर्यभान यांचे. पूजा सुरू झाली की त्यांनी उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, आणि पूजा संपली की सर्व वस्तू पुन्हा जागच्या जागी लावायच्या. त्या वर्षी मात्र ते व केसरबाई दीक्षा घेण्यासाठी नागपूरला गेले.

"ऐन दसऱ्याला कारखाना सोडून चाललास?" हिम्मतराव म्हणाले. "जा. पण ध्यानात ठेवीन मी."

पाच दिवसांनी ते परत आले तेव्हा फळी पूर्वीच्याच जागी होती. नळ्यांखाली दट्ट्ये ओळीने उभे होते. सूर्यभान यांनी जोड्या उचलल्या आणि इंजिन बांधले.

एकोणतीस ऑक्टोबरच्या सकाळी, प्रतापराव समोर उभे असताना, इंजिन सुरू केले. आतून कोणी हातोड्याने ठोकून बाहेर येऊ पाहत आहे, असा आवाज निघाला. सर्वजण पाच मिनिटे थांबले, दहा मिनिटे थांबले. इंजिन तापले, पण ठोके थांबले नाहीत.

प्रतापरावांच्या हातात वेताची छडी असे. पहिला फटका सूर्यभान यांच्या मानेवर बसला.

"गाडीचे टॅपेट बाजारात विकलेस आणि भंगार घातलंस. नागपूरला जायला पैसा कुठून आला?"

"साहेब, ह्या गाडीचेच हायेत. मीच खोलले, मीच घातले."

"कान चांगले आहेत म्हणे तुझे. मग ऐक."

असे म्हणून त्यांनी सूर्यभान यांचे केस मुठीत धरले आणि डावा कान धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीवर दाबला. कातडे चरचरले. सूर्यभान ओरडले, परंतु इंजिनाच्या ठोक्यांत तो आवाज बुडाला. हिम्मतरावांनी सोडवले नाही. उलट खाली कोसळलेल्या सूर्यभान यांच्या बरगडीत लाथ घातली. गिऱ्हाइकासमोर आपणही चिडलो आहोत हे त्यांना दाखवायचे होते.

"पाच वाजता येतो," प्रतापराव म्हणाले. "तोवर चोरी कबूल कर, नाहीतर ठाण्यात देतो. तिथं हातांची बोटं एकेक करून मोडतात. मग कसला पाना धरतोस ते बघू."

त्यांनी पाठ फिरवली. जमिनीवर सूर्यभान यांच्या हाताजवळ दोन शेराचा हातोडा पडलेला होता. त्यांनी तो उचलला. प्रतापरावांचे डोके चार हातांवर होते आणि टोपीखाली मानेचा खळगा स्वच्छ दिसत होता. घाव कुठे घालायचा हे ठरलेही होते. पुढे वर्गात हे सांगताना त्यांनी म्हटले, "दीक्षेत जीव घेणार न्हाई असं बोलून पंधराच दिवस झाले हुते. थोडे जास्ती झाले असते तर शपथ मोडता आली असती, असं वाटलं." हातोडा त्यांनी हळू खाली ठेवला व स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

केसरबाई डबा घेऊन आल्या तेव्हा ते इंजिनाशी वाकलेले होते आणि कानातून पाणी व रक्त गळत होते.

"निघा," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. गावाकडं जाऊ."

"पळालो तर चोर ठरतो, केसर. मग उदगीरला बी चोरच."

"आन् ऱ्हायलात तर?"

"ऐकू दे मला. बोलू नको."

त्यांनी प्लगांच्या तारा एकेक काढून पाहिल्या. ठोका जराही बदलला नाही. बेअरिंग ठोकत असते तर तार काढताच ठोका मंदावला असता; म्हणजे दोष बेअरिंगचा नव्हता. तेल चढायला उशीर लागला म्हणावे, तर इंजिन किती तापले होते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणजे टॅपेटच. उजव्या कानामागे मूठ टेकवून ते इंजिनाच्या कुशीवर टोक सरकवत गेले. एका जागी घाव, शेजारी शांत, पुन्हा घाव. पाच जण ठोकत होते, अकरा गप्प होते.

इंजिन बंद करून त्यांनी पहिला ठोकणारा टॅपेट बाहेर काढला आणि दट्ट्या उपसला. नळीच्या तळाशी, तेलाच्या खाचेत, लाल गाळ होता. बोटावर घेऊन त्यांनी तो हुंगला. त्यांनी हिम्मतरावांना हाक मारली.

"मालक, हे कुंकू हाय."

हिम्मतराव जवळ आले. ते बोटाकडे वाकले.

"खंडेनवमीला मीच धुतले रे. चिंच लावून. एकेकाला हळदकुंकू लावलं. परत बराबर भोकात ठेवले."

"कोणता कोणत्या भोकात?"

"सगळे एकासारखे एक दिसतात. मला काय ठाऊक?"

"मला ठाऊक हुतं. पर म्या खूण केली न्हवती. ती चूक माझी."

मग दोघांनी सर्व सोळा टॅपेट बाहेर काढले. सूर्यभान यांनी परातीत रॉकेल ओतले. नळीत रॉकेल भरावे, वर दट्ट्या ठेवावा आणि अंगठ्याने दाबावे. जुळता दट्ट्या अंगठ्याला उलट ढकलतो. परका दट्ट्या दमलेल्या माणसासारखा खाली बसतो. एकेका नळीस अनेक दट्ट्ये लावून पाहिले. रॉकेल जळलेल्या कानापर्यंत उडे तेव्हा ते दात आवळत. दोन्ही अंगठ्यांची कातडी सोलली गेली. साडेचार वाजता शेवटचा टॅपेट बसला.

पाच वाजता प्रतापराव आले. त्यांच्या मागे दोन शिपाई होते.

"कबूल झाला?"

सूर्यभान यांनी इंजिन सुरू केले. प्रथम थोडी खडखड झाली, मग एकेक ठोका विझत गेला आणि शेवटी पंख्याच्या वाऱ्याखेरीज काही ऐकू येईना. प्रतापरावांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

"सकाळी मग काय झालं होतं?"

शिपायांपैकी एकाने सूर्यभान यांचा दंड धरला. तेव्हा हिम्मतराव पुढे आले.

"त्याला सोडा, साहेब. चोरी नाही झाली. पूजेला मी सामान हलवलं, त्यानं उलटंपालटं झालं. माझ्याच हातून झालं."

छडी वर गेली आणि हिम्मतरावांच्या गालावर आडवी उतरली. तीच छडी, तोच हात. प्रतापराव गाडीत बसले व निघून गेले. सूर्यभान यांच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

हिम्मतराव एका जुन्या टायरवर बसले. गालावर वळ फुगत होता. आठ वर्षे त्यांनी दुसऱ्याला दिलेली वस्तू त्या दिवशी प्रथमच त्यांच्या वाट्याला आली होती. ते म्हणाले, "सूर्यभान, ठाण्यात गेला असतास माझ्यापायी. बोल, काय पाहिजे तुला? सुट्टी घे. दवाखान्यात जा."

सूर्यभान यांनी रिकामी फळी उचलून त्यांच्यासमोर आणली. सोललेला अंगठा त्यांनी पहिल्या भोकापाशी टेकवला आणि ओळीच्या शेवटापर्यंत सरकवत नेला.

"मालक," ते म्हणाले, "मला सोळापर्यंत आकडे शिकवा."