दोन खडकवाड्या

जुना प्रिंटर भंगारात देताना शाईच्या फितीचा वास आला आणि लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची आमची कचेरी आठवली. दुष्काळात टँकरच्या गावांची यादी मीच संगणकावर केली होती. खडकवाडी दोनदा दिसली, म्हणून एक नाव गाळलं. गाळलेली ती मुरुडजवळची वेगळीच वाडी होती. तिथं टँकर गेलाच नाही. गाळातलं पाणी भरायला विहिरीत उतरलेली तिथल्या एका घरची सून पाय घसरून पडली आणि दगावली.

यादी दुरुस्त केल्यावर तिचे सासरे कचेरीत आले. हात जोडून म्हणाले, “साहेब, तुमच्यामुळं पाणी यायलंय. लई उपकार झाले.”

मी त्यांना चहा दिला. चूक माझी होती हे सांगितलं नाही. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता नवी मुलं विचारतात, चांगला प्रोग्रॅमर कसं व्हायचं? “नाव खोडण्याआधी त्या गावाला जाऊन या,” एवढंच सांगतो. ती हसतात.