राजपुत्र भाकर खातो ते पान

भूत, करणी, झपाटणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर आमच्या बाबांनी घरातले देव पैनगंगेत सोडले, तेव्हा म्हणाले होते, "देवासंगं भूतंबी गेले, आता कोनाले भ्यायचं नाही." मी भ्यायलेच नाही. म्हणून तर हे लिहिताना माझी मलाच चीड येते आहे.

गाव रिठद, रिसोडजवळचं. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मी रिसोडला शाळेत शिकवायचे, सुट्टीत मी आणि मिस्टर माहेरी आलो होतो. मायनं अंथरूण धरलं होतं. जेवण जवळजवळ बंद, दिवसभर डोळे दाराकडे... कारण माझा मोठा भाऊ, वसंतदादा, दुष्काळात रेल्वेच्या कामावर गेला तो परतलाच नव्हता. ना पत्र, ना निरोप.

लहानपणी दादा वाचनालयातून जादूच्या कादंबऱ्या आणायचा. दुपारी माय तूर निवडायची आणि तो मोठ्यानं वाचायचा. मायला अक्षर येत नव्हतं, पण तांब्याचं जंगल, बोलणारा घोडा सगळं तोंडपाठ! शेवटचा भाग आला तेव्हा मी वसतिगृहात होते. तो माझा ऐकायचा राहूनच गेला.

दादा नाही, निदान त्याची पुस्तकं तरी म्हणून मी तीच मालिका वाचनालयातून मागून आणली. आणि काय सांगू, हिरमोड! ज्या राजपुत्रावर जीव टाकला होता तो निव्वळ घमेंडी कार्टा निघाला. घोडा तर अर्ध्यातच मेलेला — दादानं तो कधी मरू दिला नव्हता. पुस्तक ठेवून अंगणात फेऱ्या मारायचे, पुन्हा उचलायचे.

"शेवट वाच," एका दुपारी माय म्हणाली. "तो घरी येते ते."

मी आधीच चाळून पाहिलं होतं. राजपुत्र परत येत नाही. जादूच्या देशात राजा होतो, संपलं.

"माय, यात तो येत नाही."

"काहून नाही येत? वसंतानं वाचलं ना मले! मास्तरीण झाली अन् तुले वाचता येत नाही काय?"

शेजारी माझे मिस्टर पेपर वाचत होते, ते हसले. मी तणतणत शेवटचं पान उघडलं. म्हटलं, छापलंय तेच वाचते, मग बोल.

आणि वाचू लागले... राजपुत्र दारात उभा. पाय धुळीनं भरलेले. आई विचारते, कुठं होता इतके दिवस? तो म्हणतो, "माय, पयले भाकर दे, मंग सांगतो." छापील पुस्तकात आमची बोली! ती त्याला जवारीची भाकर देते, पापुद्रा काढून, आत तेल-तिखट. अहो, राजपुत्र आणि तेल-तिखट! पण अक्षरं समोर होती, काळी, स्वच्छ. माझी नजर पानावरून हललीच नाही. मायचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, शब्दाला शब्द, हे मिस्टरांनी नंतर सांगितलं.

"आता बरोबर वाचलं," माय म्हणाली. "भाकर आन मले."

अर्धी भाकर खाल्ली तिनं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा दाराकडे पाठ करून झोपली. पावसाळ्याआधी ती गेली, पण तगमग नव्हती.

त्या दुपारी वाचून होताच मिस्टरांनी पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं होतं. मागं-पुढं पानं उलटली. राजा सिंहासनावर बसतो, संपलं. "तू मनानं जोडलं असशील," म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

दादानं मायसाठी शेवट रचला असणार, एवढं मलाही कळतं हो. पण मी कधी न ऐकलेला तो शेवट माझ्या डोळ्यांना कसा दिसला? दादाचा अजून पत्ता नाही. पुढं ती प्रत वाचनालयानं मला देऊन टाकली. घरात कोणी नसलं की शेवटचं पान उघडते, मोठ्यानं वाचते... दर वेळी तो सिंहासनावरच बसतो. घरी येत नाही.