पतंगगाड्यांची नियमावली आणि आक्काचा माळ

बाळांनो, तुमच्यातल्या धाकटीने परवा फोनवर चित्रफीत पाठवली. समुद्रकाठच्या वाळूत ती तीन चाकांच्या गाडीत बसली आहे आणि वर उडणारा पतंग तिला ओढून नेतो आहे. खाली प्रश्न होता, "आजी, असलं काही कधी पाहिलंस का?" पुढच्या महिन्यात तिची शर्यत आहे म्हणे, म्हणून आत्ताच लिहिते. पाहिले आहे. एवढेच नव्हे, अशा शर्यतीची नियमावली मी स्वतःच्या हाताने लिहिली आहे आणि तिच्या आधारे तुमच्या आजोबांना बादही केले आहे.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. बेळगावहून गोव्याच्या वाटेवर असलेल्या रामनगरात आमची भाताची गिरणी होती. गोव्याला निघालेला एक परदेशी पाहुणा मोटार बिघडल्यामुळे दोन दिवस गावात अडकला. त्याच्याजवळ अशीच पतंगगाडी होती, ती तो आक्काच्या माळावर चालवत राहिला. तो गेला, पण तिघांना नाद लागला: तुमच्या आजोबांना, ट्रकांच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या शिंप्याला आणि सायकल-दुकानदाराला.

दुकानदाराने जुन्या चाकांच्या तीन गाड्या जोडल्या. शिंप्याने पहिला पतंग ताडपत्रीचाच शिवला. तो उडाला नाही. चार माणसांनी खांद्यावरून परत नेला. मग खताच्या रिकाम्या पोत्यांचे पतंग झाले, ते मात्र उडाले. पहिल्याच दिवशी आजोबा गाडीसकट आक्काच्या गवताच्या गंजीत कमरेपर्यंत घुसले.

आक्का म्हणजे माळाची मालकीण. वय सत्तरीचे, शेती एकटीची, आवाज चौघींचा. ती काठी घेऊन आली.

"काय गिरणीवाल्या, गवत खायाचं व्हतं तर सांगायचं न्हाई? गोठ्यात जागा हाय."

आजोबा तोंडातले गवत काढत म्हणाले, "आक्का, वारा जोरात होता."

"वाऱ्याला काय सांगू नगंस. एकडाव सोडते. म्होरं माझं एक जरी जनावर भ्यालं, तर माळाला कुंपण घालते. मग खेळ गिरणीत."

भोवती सगळे जंगल. एवढा सपाट, मोकळा माळ दुसरा नव्हता. तो गेला की खेळ संपला. आजोबांचे जेवणावरचे लक्ष उडाले. चौथ्या दिवशीही ताटात भाजी तशीच राहिली, तेव्हा मी वही काढली. मी बेळगावला इंग्रजी शाळेत शिकलेली. नियमांवाचून खेळ म्हणजे गोंधळ, ही शिकवण अंगात मुरलेली. आधी इंग्रजीत, मग मराठीत आठ कलमे लिहिली. दोरी कमरेला बांधायची नाही, हातातच धरायची, धोका दिसताच सोडून द्यायची. पुढच्याला हाक दिल्याशिवाय ओलांडायचे नाही. हेल्मेट नसेल त्याने डोक्याला जाड टॉवेल गुंडाळायचा. गंजीच्या बऱ्याच अलीकडे शर्यत संपेल. आणि सर्वांचे वजन सारखे हवे, नाहीतर हलका माणूस उगाच जिंकेल.

शिंपी चांगला जाडजूड, आजोबा काडीसारखे. गिरणीच्या काट्यावर तिघांना बसवले आणि जो कमी भरला त्याच्या गाडीला तेवढे भात पोत्यात भरून बांधले. आमच्याकडे वजनाला भातच वापरायची सवय. दगड कोणाला सुचलेच नाहीत.

"मी शर्यतीला निघालोय की बाजाराला?" आजोबांनी विचारले.

"कलम म्हंजे कलम, मालक," शिंपी खुशीत म्हणाला. "वयनींनी लिवलंय."

शर्यत दुपारी होती. मी पंच म्हणून छत्री उघडून खुर्चीवर बसले आणि शिट्टी वाजवली. शिंप्याचा पतंग लगेच झाडात अडकला. उरलेले दोघे बरोबरीने सुटले. अर्ध्यावर आजोबांच्या पोत्याला चाक घासले, भोक पडले आणि भाताची धार लागली. सुगी आटोपली की आमच्याकडे गुरे मोकळी सोडतात. आक्काची सात गुरे ती धार चाटत मागून निघाली.

भात सांडेल तशी गाडी हलकी, आणि हलकी होईल तशी वेगात. मागे धडधड ऐकून आजोबांना वाटले, लोक कौतुकाने धावताहेत. त्यांनी न बघताच हात हलवला. रेषा ओलांडून थांबले, वळून पाहिले, आणि समोर काळ्या गायीचे तोंड. दोरी सोडायचे कलम विसरून, ती हातातच धरून, ते काजूच्या झाडावर चढले. वरून पतंग त्यांना ओढी, खालून गाय पोते ओढी.

आक्का आली. तिने एकेका गुराच्या पाठीवरून हात फिरवला, मग झाडाकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"गुरं न्हाई भ्याली. गिरणीवालाच भ्याला. माळ चालू ऱ्हाईल." मग माझ्याकडे वळून, "पन बाई, माझं एक कलम घाल. गुरं माळावर आली की मानसांनी थांबायचं."

मी तिथेच नववे कलम लिहिले. मग आजोबांना खाली उतरवून त्यांच्या पोत्याचे वजन केले. तळाशी दोन मुठी भात होते. त्यांना बाद करून दुकानदाराला विजयी ठरवले. आजोबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले, तेही निकालाविरुद्ध दाद मागायला.

आक्का गेली, गाड्या गंजल्या. माळाला अजून कुंपण नाही. तिथे आता क्रिकेट चालते, आणि गुरे आली की सामना थांबतो.