एका घासाने काय होतंय

"एवढं पथ्य पाळलं बिचारीने, आणि शेवटी काय झालं बघा."

बायको गेल्यावर समाचाराला आलेल्या पहिल्याच बाई हे बोलल्या. पुढच्या दिवसांत आमच्या दारात चप्पल काढून आत आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ते म्हटलं. कुणी म्हणे, "काही खाल्लं नाही हो आयुष्यात." कुणी म्हणे, "जायचंच होतं तर खाऊन तरी जायची." मी सतरंजीवर बसून मान हलवत होतो. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं, त्यामुळे गप्प बसणं अंगवळणी पडलेलं. लोकांना वाटलं, मी दुःखात आहे. होतोच. पण त्या खोलीत दुःखाहून मोठं काही होतं तर तो माझा राग होता. तो अजून उतरलेला नाही.

ती गेली ती अपघातात. कळंबोलीला एका मैत्रिणीकडे निघाली होती. लोखंड बाजाराकडून आलेल्या ट्रेलरने सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षाला मागून धडक दिली. रिक्षावाला वाचला, ती वाचली नाही. या मरणाचा तिच्या मधुमेहाशी काही संबंध नव्हता. लोकांनी मात्र दोन्ही गोष्टी एकाच दोऱ्यात ओवल्या. जणू तिने देवाशी सौदा केला होता, मी गोड सोडते, तू मला मरू देऊ नकोस, आणि देवाने तिला फसवलं.

तिने असा सौदा केला नव्हता. तिला काय हवं होतं, ते मला नेमकं माहीत आहे, कारण तिने ते मला स्पष्ट सांगितलं होतं. तिच्या आईची मूत्रपिंडं मधुमेहाने गेली होती. आपट्याहून त्यांना डायलिसिसला पनवेलला आणावं लागे. तिथे चार-चार तास यंत्राशेजारच्या खुर्चीत बसून राहायचं. शेवटच्या काळात त्या आमच्याकडेच राहिल्या. परत आल्या की भिंतीकडे तोंड करून पडून राहत, बोलत नसत. पुढे बायकोला स्वतःलाच मधुमेह निघाला. त्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यातून बाहेर पडताना ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, "मला त्या खुर्चीत बसायचं नाही. बाकी काय व्हायचं ते होऊ दे."

तिचं उद्दिष्ट एवढंच होतं.

ती बँकेत होती, रोखपालापासून वर चढत अधिकारी झालेली. मनोनिग्रह वगैरे शब्दांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. ग्रंथालयात सवयींवरची पुस्तकं होती, नव्या वर्षाच्या सुरुवातीला मुलं ती रांग लावून नेत आणि फेब्रुवारीत न वाचता परत करत. त्यातलं एक मी तिच्यासाठी घरी आणलं. तिने चार पानं चाळली आणि म्हणाली, "हे सगळं आमच्या स्ट्राँगरूममध्ये आहे. तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक माझ्याकडे, एक दुसऱ्याकडे. मी चांगली बाई आहे म्हणून बँक मला एकटीला आत सोडत नाही. मग मी तरी स्वतःला का सोडू?"

त्या दिवसापासून दुसरी किल्ली मी झालो. घरात गोड आलं की ते माझ्या पुस्तकांच्या कपाटात जाई आणि त्याच संध्याकाळी बाहेर. मी घरी नसताना कुणी पेढे दिले तर ती दारातच सांगे, "हे संध्याकाळी येतील तेव्हा आणा." रात्री झोपण्यापूर्वी चालायला जायचे कपडे खुर्चीवर आणि बूट त्यांच्या खाली ठेवलेले असत, म्हणजे सकाळी ठरवायचं काही उरत नसे. ती म्हणायची, "सकाळी मला काही विचारू नका, सकाळची मी फार लबाड असते." मग वडाळे तलावाभोवती चालणं. पावसात इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधून येरझाऱ्या. वॉचमन हसायचा. एखाद्या दिवशी काही चुकलं तर ती हळहळत बसत नसे. जेवणानंतर पाणी पिऊन म्हणे, "आजचा दिवस गेला. उद्याचा कशाला घालवू?"

हे सगळं सोपं होतं, असं ती म्हणे. अवघड होती ती माणसं.

आपल्याकडे एकदा 'नाही' म्हटलेलं कुणी धरत नाही. जिलबीचं ताट घेऊन वाढपी पंगतीत येतो, तुम्ही पानावर आडवा हात धरता, तो हाताच्या फटीतून जिलबी सोडतो आणि सगळी पंगत हसते. "एका घासाने काय होतंय?" हे वाक्य मी तिच्याबरोबर लग्नांत ऐकलं, मुंजींत ऐकलं, बारशांत, निवृत्तीच्या समारंभांत ऐकलं. आग्रह करणाऱ्याला तो एकच घास दिसत असतो. तिच्यासमोर घासांची रांग उभी असायची, कारण प्रत्येक घरात एकच घास वाट बघत असे. प्रसादाची गोष्ट आणखी वाईट. प्रसादाला नाही म्हटलं की माणसं दुखावतात. ती हातावर घेई, डोळ्यांना लावी आणि माझ्या हातावर ठेवी. तिच्या पथ्यापायी माझं पोट सुटलं.

पुढे तिने एक युक्ती काढली. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं तर कुणी ऐकत नसे, म्हणून ती "आज माझा उपास आहे" म्हणू लागली. लगेच हात मागे जात. देवासाठी सोडलेल्या अन्नाला मान होता, मूत्रपिंडासाठी सोडलेल्याला नव्हता. पण त्यातही लोकांनी वाट काढलीच. उपास म्हटल्यावर साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचे लाडू येऊ लागले. एका घरातून बाहेर पडल्यावर जिन्यात ती मला म्हणाली, "या लोकांना मी मेले तरी चालेल, पण उपाशी मरायला नको."

ती तेव्हा हसत होती. मला आजही हसू येत नाही.

सगळ्यांत मोठा आग्रह तिच्या दादांचा. तिचा थोरला भाऊ, रसायनीच्या एका कारखान्यातून निवृत्त होऊन आपट्याला घरी बसलेला. मनाने लाखाचा माणूस. येताना हातात मिठाईचा पुडा नाही असं कधी झालं नाही. स्वतःलाही मधुमेह, गोळ्या खिशात, आणि खाण्यावर काही बंधन नाही. "गोळी कशाला हाय मग?" हा त्यांचा युक्तिवाद. दर राखीला तिच्या तोंडापाशी पेढा नेऊन ते उभे राहत. ती तोंड बाजूला करी. ते म्हणत, "भावाच्या हातचं पण नाय?" ती म्हणे, "दादा, तुझ्याच हातचं नाही. तू मोजत नाहीस."

दहावा आपट्याला, पाताळगंगेच्या काठी झाला. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून विधी मीच केले. पिंड मांडून आम्ही मागे सरलो. समोरच्या झाडावर कावळे होते. खाली बघत होते आणि येत नव्हते. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली, असं धरतात. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलू लागला. कुणी म्हणालं, यांना आम्ही सांभाळू. कुणी म्हणालं, काळजी करू नकोस. ऊन चढत होतं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करण्यासाठी दर्भ हातात घेतला.

तेवढ्यात दादांनी पिशवीतून एक पुडा काढला. त्यात जिलब्या होत्या. घरून निघतानाच आणलेल्या.

"ठेवू द्या भावोजी," ते म्हणाले. "लहानपणी जीव टाकायची यावर. तिचं मन अडकलंय त्यात."

"नका ठेवू," मी म्हणालो.

"आता तरी आडवे येऊ नका. जिवंतपणी तुमीच कपाटात कोंडायचात."

लोक बघत होते. मी नदीच्या काठावर भांडलो नाही. दादांनी पिंडाशेजारी जिलबी ठेवली, डोळे पुसले आणि मागे आले. कावळा उतरला. जिलबीवर एक चोच, पिंडावर एक चोच.

"बघा," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

"कावळ्याला जिलबी आवडते, एवढंच दिसलं," मी म्हणालो. हे फक्त गुरुजींनी ऐकलं आणि त्यांनी मान खाली घातली.

घरी पोहोचेपर्यंत ती गोष्ट माझ्या आधी पोहोचली होती. जिलबी ठेवली तेव्हाच शिवला. एवढ्या वर्षांचं तिचं उठणं, चालणं, हसत नाही म्हणणं, सगळं पुसलं गेलं. लोकांच्या आठवणीत जिलबीसाठी तरसून मेलेली एक बाई उरली. ट्रेलरने तिचा जीव घेतला. तिने स्वतःच्या हाताने घडवलेलं जे होतं, ते नातेवाइकांनी घेतलं, आणि तेही प्रेमाने. ट्रेलरवाल्यावर निदान गुन्हा तरी दाखल झाला.

तेराव्याला आमच्या घरी गोडाचं जेवण होतं. जवळच्या माणसाने गोड खाल्लं की सुतक संपतं. केटररने तिच्या आवडीची म्हणून जिलबीच केली होती. कुणी सांगितलं होतं ते विचारायची गरज नव्हती. मी पाटावर बसलो. दादा माझ्या समोर वाकले, हातात जिलबीचा तुकडा.

"तोंड गोड करा भावोजी."

"नको दादा."

"एका घासाने काय होतंय? तुमाला तर साखर पण नाय."

"मला नको आहे."

"मग सुतक फिटायचं कसं?"

"नाही फिटलं तरी चालेल."

दादांचा हात तसाच पुढे. मग मी बोललो. आवाज चढवला नाही. तो चढवायची मला सवय नाही. मी म्हणालो, "गेले बारा-तेरा दिवस सगळे विचारताहेत, एवढं करून शेवटी काय झालं. सांगतो. ती त्या खुर्चीत बसली नाही. हे झालं. तिला तेच हवं होतं आणि ते तिने मिळवलं. मरणाच्या आठवड्यातला तिचा रिपोर्ट चांगला होता. तिची कसलीही इच्छा राहिलेली नव्हती. राहिली असेल तर ती तुमची."

दादा खाली बसले. पाट नव्हता, तसेच फरशीवर. तुकडा हातात धरून म्हणाले, "आई शेवटी गोड मागायची भावोजी. रोज मागायची. हिने नाय देऊ दिलं. डॉक्टर नको म्हणाले, हिने ऐकलं. आई तशीच गेली. तेव्हापासून मला कुणाला नाय म्हणता येत नाय. स्वतःला पण नाय."

सासूबाई गोड मागायच्या हे मला माहीत होतं, दादांनी ते इतकी वर्षं मनात धरलंय हे माहीत नव्हतं. आई दोघांची एकच, मरणही एकच, आणि दोघांनी त्यातून दोन वाटा धरल्या. ती आईसारखं मरायला नको म्हणून जगली आणि हे आईला जे मिळालं नाही ते सगळ्यांच्या तोंडात कोंबत जगले. मला त्यांची कीव आली. पण राग कमी झाला नाही. एखादी गोष्ट समजली की राग निवळतो असं पुस्तकांतून वाचत आलो होतो. तसं होत नाही. उलट तो कुठे न्यायचा ते कळतं.

मी जेवलो, वरणभात, भाजी, सगळं. जिलबी पानावर तशीच राहू दिली. दादांचे पाय मला समोर दिसत होते. घोट्यापाशी सुजलेले, मोज्यांच्या रबराचा वळ खोल उमटलेला. सासूबाईंचे पाय शेवटच्या वर्षांत असेच दिसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना फोन केला.

"दादा, उठलात? चालायला निघा."

"कोण? भावोजी? काय झालं?"

"काही झालं नाही. चालायला निघा."

त्यांनी फोन ठेवला. त्याच्या पुढच्या दिवशी मी पुन्हा केला, आणि त्याच्याही पुढच्या. शिव्या खाल्ल्या. एकदा त्यांनी वहिनींना फोन दिला. "गेलेत बाहेर," त्या म्हणाल्या, आणि मागून दादांचं खाकरणं ऐकू आलं. "वहिनी, बाहेर गेलेल्यांना सांगा, मी थांबतो," मी म्हणालो. पलीकडे वहिनी हसल्या. ती गेल्यानंतर तिच्या माहेरच्या कुणाला मी पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

यात प्रेम आहे का, मला सांगता येत नाही. बहुतेक नाही. त्यांनी नदीकाठी जे केलं ते मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण तिची माणसं आता आपट्यालाच उरली आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणाला त्या खुर्चीत बसलेलं मला बघायचं नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही अशा दिवसांतही मी फोन करतो. मन लागत नाही, पुस्तक उघडलं तरी तेच पान समोर राहतं, पण फोन होतो. रागाने रोज उठता येतं. दुःखाने येत नाही.

परवा दादाच आधी बोलले.

"साखर बघून आलो. आकडा तुमाला नाय सांगणार."

"नका सांगू. डॉक्टरांना सांगितलात ना?"

"सांगितला. ओरडले. भावोजी, तुमाला दुसरा काय उद्योग नाय का?"

"नाही."

"उद्या फोन करू नका. उद्या पाहुणे हायत घरी."

"मग पाहुणे उठायच्या आत करतो," मी म्हणालो आणि त्यांनी काही म्हणायच्या आत फोन ठेवला.