खाटेवरच्या आजींचं ‘हो’

कायद्याची पदवी घेऊन मी ज्या वकीलबाईंच्या हाताखाली लागले, त्यांच्याकडे बहुतेक म्हातारी, आजारी माणसं यायची. ज्यांना येता यायचं नाही, त्यांच्याकडे बाई जायच्या. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि नागपूरच्या कोर्टात काळा कोट घातलेल्या बायका अजून थोड्याच दिसत. मी फारसं बोलायचे नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी पुस्तकी होतं. कोणी हसेल म्हणून जपून वापरायचे.

एका दुपारी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. पारशिवनीकडच्या एका आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं, दोन दिवसांनी ऑपरेशन होतं. मूलबाळ नव्हतं. ऑपरेशनआधी गावातलं घर आपल्या नावावर व्हावं, म्हणून पुतण्याने आम्हाला बोलावलं होतं. बक्षीसपत्राचा मसुदा मी केला होता. माझा पहिलाच.

“वाच,” बाई म्हणाल्या.

मी शाळेतल्यासारखं स्वच्छ वाचलं. प्रत्येक परिच्छेदानंतर विचारलं, “समजलं ना, आजी?” दर वेळी आजींनी मान हलवली, “हो.” पुतण्याने शाईचं पॅड उघडलं. मलाही वाटलं, झालं काम.

बाईंनी त्याला व्हरांड्यात जायला सांगितलं.

“मी काहून बाहेर? घरचाच तं हाव.”

“घरचे आहात म्हणूनच.”

मग त्यांनी स्टूल खाटेला भिडवलं. कोर्टात ऐकलेला त्यांचा आवाज कुठे गेला कोण जाणे. “आजी, ह्या कागदात लिहिलं हाय, का तुमचं घर तुम्ही मले देऊन टाकलं. उद्या सामान घेऊन येते मी. चालते ना?”

“हो,” आजी तितक्याच अदबीने म्हणाल्या.

मी हातातला मसुदा हळूच खाली केला.

बाई हसल्या नाहीत. “मग मी कोणत्या खोलीत राहू?”

“कोनती खोली? एकच तं हाय. तू रायशील तं मी कुठं जाऊ वं?”

“मग हो काहून म्हटलं?”

आजींनी माझ्याकडे बोट केलं. “एवढं चांगलं वाचून रायली ते पोरगी. शिकलेल्या मानसाले नाई कसं म्हनू?”

बाईंनी सावकाश समजावलं: अंगठा दिला आणि कागदाची नोंदणी झाली, की घर पुतण्याचं, तुम्ही बऱ्या होऊन परत गेलात तरी त्याचंच.  मग पुतण्याला आजींनी स्वतःच हाक मारली.

“मी जित्ती हाव तोवर दार माह्यं. मेल्यावर तुह्यं.”

त्याचा चेहरा पडला. “काकू, माह्यावर भरोसा नाई का?”

“हाय ना गा. म्हनून तं मेल्यावर तुलेच देऊन रायली.”

शेजारच्या खाटेवरची बाई फिसकन हसली. शेवटी तोही हसला, आणि आजींसाठी आणलेला डबा उघडायला लागला.

बाईंनी माझा मसुदा घडी करून पर्समध्ये टाकला आणि मला कोरा कागद दिला. “मृत्युपत्र. त्या सांगतील तसं लिही.” मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. घर, अंगण, दार.

“नाई,” आजी म्हणाल्या. “तसं नाई. न्हानीमागचं सीताफळाचं झाड रायलं. ते लिव आधी.”

माझ्या वाचण्याला आजींचं हे पहिलंच ‘नाई’. बाईंकडे पाहिलं, तर त्या अंगठ्यासाठी पॅड जवळ ओढत होत्या.